पाळी चुकण्याआधीचे तीन महिने : मधुमेह असलेल्या बाईनं दिवस राहण्याची तयारी कशी करावी

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. सत्ताविसाव्या वर्षी मला टाइप टू मधुमेह निघाला. एकतिसाव्या वर्षी दिवस राहिले तेव्हा माझी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.२ होती. मला ते माहीतही नव्हतं, कारण वर्षभर तपासणीच केली नव्हती. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. दवाखान्यातून निघताना फाइलवर एक ओळ लिहून मिळाली : ‘पुढच्या वेळी साखर सांभाळा.’ किती सांभाळायची, कशी, कधीपासून, यातलं काही नाही.

गर्भ का पडला याचं एकच कारण कुणी बोट ठेवून सांगू शकत नाही, आणि ज्या बाईचा पडला तिनं स्वतःला दोष देत बसू नये. पण ‘पुढच्या वेळी’ म्हणजे नेमकं कधी, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाळी चुकल्यावर नाही. चुकायच्या आधी तीन महिने.” मी वर्गात भ्रूणविज्ञान शिकवते, तरी हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणून त्या काळात मी वहीत जे टिपत गेले, ते इथं नीट लिहिते आहे.

आधी त्या पहिल्या आठवड्याकडे बघा

बीजांडाचं फलन गर्भनलिकेत होतं. तिथून तो पेशींचा गोळा विभागत विभागत तीन-चार दिवसांनी गर्भाशयात पोचतो. पाचव्या दिवशी तो आतून पोकळ होतो, याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. सहाव्या दिवसापासून तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतो. तोवर त्याला ना वार असते, ना नाळ. नलिकेच्या आणि गर्भाशयाच्या अस्तरातून पाझरणाऱ्या द्रवावर तो जगतो आणि तो द्रव आईच्या रक्तातून तयार होतो. स्वतःचं स्वादुपिंड यायला अजून कित्येक आठवडे असतात. त्यामुळे आईच्या रक्तात साखर किती, इन्सुलिन किती, चरबी किती, हे त्याला जसंच्या तसं सोसावं लागतं.

पुढचा हिशेब तर अजून घाईचा. घरच्या किटवर दोन रेषा उमटतात तेव्हा भ्रूण साधारण दोन आठवड्यांचा झालेला असतो. बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय हलायला लागतं. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मज्जानळी, जिच्यापासून पुढं मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती मिटलेली असते. पाळीच्या तारखेनं मोजलं तर हा सहावा आठवडा. आपल्याकडं कितीतरी बायका नाव नोंदवायला आठव्या-दहाव्या आठवड्यात जातात. म्हणजे ज्या कामाला साखरेचा सगळ्यात जास्त धोका, ते काम डॉक्टरांच्या दारात पोचायच्या आधीच संपलेलं असतं.

साखर सगळ्यांना माहीत असते, चरबीचं कुणी सांगत नाही

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार असं आपण म्हणतो. पण इन्सुलिनचं आणखी एक मोठं काम आहे : अंगातल्या चरबीच्या साठ्याला कुलूप लावणं. इन्सुलिन कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की ते कुलूप सैल होतं. साठ्यातली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, रक्तात सुटतात, यकृत त्यांतून ट्रायग्लिसराइड हा चरबीचा प्रकार बनवून पुन्हा रक्तात सोडतं. ही वाढलेली चरबी त्या पहिल्या आठवड्यातल्या गोळ्यापर्यंतही पोचते.

जर्मनीतल्या हाले शहराच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी ससे निवडले. सशाचा भ्रूण सुरुवातीला माणसाच्या भ्रूणासारखाच चपट्या तबकडीसारखा वाढतो, म्हणून. २०१४ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. मधुमेही सशिणींच्या पोटातून काढलेल्या अवघ्या सहा दिवसांच्या भ्रूणांत, अजून रुजायचे होते अशा भ्रूणांत, चरबीचे थेंब प्रमाणाबाहेर साठलेले दिसले. मेदाम्लं पेशीत ओढून घेणारी आणि आत वाहून नेणारी प्रथिनंही वाढलेली होती. ज्या पेशींपासून पुढं वार बनते त्यांत हे थेंब होते आणि ज्यांपासून बाळ बनतं त्यांतही होते.

थोडी चरबी भ्रूणाला हवीच असते. ती जाळून तो ऊर्जा मिळवतो, नव्या पेशींची आवरणं तिच्यातूनच बनतात. बिघडतं ते प्रमाण. वर्गात मी हे गळीत हंगामाच्या उदाहरणानं सांगते. कारखान्याची रोजची गाळपक्षमता ठरलेली असते. फडातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याहून जास्त यायला लागल्या की गेटबाहेर रांग लागते, ऊस तळावर पडून राहतो. पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया म्हणजे तो कारखाना. मेदाम्लं झेपेनाशी झाली की पेशी ती थेंबांच्या रूपात साठवते, तांबड्या रश्श्यावर तेलाचे गोल तवंग असतात तसे. आणि कारखाना ओढून ताणून चालवला की धूर जास्त, तसे पेशीत फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीला इजा करणारे अस्थिर कण, वाढतात. साखर जास्त असली तरीही ते वाढतात. उंदरांवरच्या कामात असं दिसलं आहे, की त्या ताणामुळे पॅक्स-३ नावाचं जनुक मंद होतं आणि मज्जानळी नीट मिटत नाही.

बायकांमध्ये दिसतं ते हे : दिवस राहताना मधुमेह ताब्यात नसेल तर बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते चार पट असतो. आणि एचबीएवनसी जितकी खाली, तितका तो धोका कमी होत जातो. हे आपल्या हातात आहे, म्हणून पुढचं सगळं.

पहिलं काम : साखर जागेवर येईपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत

हे लिहायला संकोच वाटतो, पण सगळ्यात आधी हेच. निरोध, तांबी किंवा डॉक्टर सुचवतील ते साधन, तपासणीचे आकडे बरोबर येईपर्यंत वापरायचं. ज्यांना पीसीओडी आहे आणि पाळी अनियमित आहे त्यांनी तर जास्तच. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाल्यावर बीजांड सुटायला लागतं, आणि ‘मला कुठं राहतायत’ म्हणता म्हणता दिवस राहतात.

घरात हे सांगायची जबाबदारी नवऱ्यानं घ्यावी. आमच्या ह्यांनी घेतली. हे शिरोलीला फौंड्रीत कामाला आहेत. एका रविवारी जेवताना त्यांनी सरळ सांगितलं, “आई, डॉक्टरांनी काही महिने थांबायला सांगितलंय. मला सांगितलंय, हिला नव्हे.” त्या दिवसापासून मला दर महिन्याला विचारणं बंद झालं.

कोणत्या तपासण्या

एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणून मग दिवस राहू द्यावेत, असं अमेरिकेची मधुमेह संघटना आणि ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था दोन्ही सांगतात. १० च्या वर असेल तर मुळीच राहू देऊ नयेत. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते. दर आठवड्याला करून उपयोग नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : रक्तातलं लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. आधी ते वर आणलं, मग आकड्यावर विश्वास ठेवला.

रक्तातल्या चरबीची तपासणी, लिपिड प्रोफाइल, ही मुद्दाम मागून घ्या. दहा-बारा तास उपाशी राहून द्या. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली हवेत. माझे २६८ होते आणि तोवर मला त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. गरोदरपणात ते सगळ्यांचेच चढतात, शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पटही होतात, त्यामुळे सुरुवात खालून झालेली बरी.

याशिवाय थायरॉइड, किडनीसाठी लघवीतलं प्रथिन, बीपी, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. पडद्याची टाळू नका. साखर भराभर खाली आणली आणि त्यात गरोदरपण आलं, की आधीपासून असलेला पडद्याचा त्रास बळावू शकतो.

गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर उलटी करा

घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून न्या. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन आणि बीपीच्या काही गोळ्या (ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येतं) दिवस राहायच्या आधी बदलाव्या लागतात. मधुमेहाच्याही सगळ्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मेटफॉर्मिन बहुतेक वेळा चालू ठेवतात, बाकीच्यांच्या जागी इन्सुलिन देतात. स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका. गोळी बंद आणि साखर तीनशे, हे सगळ्यात वाईट.

फॉलिक अ‍ॅसिड निदान तीन महिने आधीपासून. मधुमेह असलेल्या बाईला रोज ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, साध्या ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त. सोबत बी-१२ तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरात ते मुळातच कमी असतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला किडमिडी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण इंग्लंडच्या बाळांच्या जवळपास, हे त्यांनीच दाखवलं. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट (फॉलिक) भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती, हेही त्याच अभ्यासातलं. म्हणून फॉलिक घ्यायचंच, पण बी-१२ ची कमतरता भरून काढून.

इन्सुलिनची भीती

मला चार महिन्यांसाठी इन्सुलिन लागलं. आमच्या गल्लीत अजून समजूत आहे, की इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी. तसं नाही. गर्भाच्या दृष्टीनं ते सगळ्यात निर्धोक औषध आहे, आणि सैल झालेलं चरबीचं कुलूप तेच परत लावतं. पोटावर टोचायची सुई डासाच्या चाव्याएवढीसुद्धा दुखत नाही.

एक बारकावा जिवावरचा आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलीलिटरला ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. औषधाच्या दुकानातून निघायच्या आधी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून बघा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. यावेळी साखर हे औषध आहे. हे मी ह्यांना आणि शेजारच्या वहिनींनाही शिकवून ठेवलं. दिवस राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत साखर अचानक खाली जायचं प्रमाण वाढतं, उलट्या असतील तर जास्तच.

बोट टोचायची वही

घरच्या ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोट टोचून साखर मोजायच्या यंत्रावर, साखर बघायची : सकाळी उपाशीपोटी, आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी. गरोदरपणात उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि दोन तासांनी १२० च्या खाली असं उद्दिष्ट असतं. आमच्या डॉक्टर बाईंनी ते आधीपासूनच गाठायला सांगितलं, साखर फार खाली जात नसेल तर. मी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रकाने आखले : डावीकडे आकडा, उजवीकडे काय खाल्लं. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. एकदा माझा २३१ आला. घाबरून हात धुऊन परत तपासलं तर १२८. सकाळी गुळाची ढेप फोडली होती, त्याचा चुरा बोटाला होता.

ताटात काय बदललं

गुळावरूनच सुरू करते. आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्ती म्हणते, पहिल्या दिवशी म्हणाल्या, “साखर बंद कर, पर गूळ खा की. गूळ म्हंजे औषध हाय.” आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे, माझ्या माहेरी करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. पण गूळ हा बहुतांशी साखरच आहे. काकवी तशीच, उसाचा रस तसाच. मी वाद घातला नाही. चहा पिऊन दोन तासांनी आत्तींच्या समोर बोट टोचलं, एकदा गुळाच्या चहानंतर, दुसऱ्या दिवशी बिनगुळाच्या चहानंतर. दोन्ही आकडे त्यांनी स्वतः वाचले. तेव्हापासून माझा चहा वेगळ्या भांड्यात व्हायला लागला.

ट्रायग्लिसराइड वाढतात ते नुसत्या तेला-तुपानं असं बहुतेकांना वाटतं. साखर, मैदा आणि भाताचा डोंगर यांनीही ते तितकेच वाढतात, कारण जास्तीच्या साखरेची चरबी यकृतच करतं. त्यामुळे रविवारची मिसळ मी सोडली नाही, बदलली : मटकी दुप्पट, फरसाण चिमूटभर, कट दोन पळ्या, आणि चार स्लाइस ब्रेडऐवजी एक. मटणाच्या दिवशी पांढरा रस्सा एक वाटी, तांबडा एक वाटी, सुकं मटण चार फोडी, पण भात नाही, ज्वारीची एक भाकरी. पहिल्या घासाआधी काकडी-कांदा. जेवणानंतर दोन तासांचा माझा आकडा याच क्रमानं खाल्ल्यावर तीस-चाळीसनं कमी यायचा, माझ्या वहीत तो दिसतो.

रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन फेसाळ धारोष्ण दूध प्यायची आमची जुनी सवय. म्हशीचं दूध, सहा-सात टक्के फॅट, पोटभर जेवणावर. ते बंद केलं, शिवाय गरोदरपणाची तयारी चालू असताना न तापवलेलं दूध पिऊच नये. दुपारी साय काढलेलं तापवलेलं दूध, एक कप. जवसाची चटणी रोज एक चमचा. मालवण-रत्नागिरीहून येणारे बांगडे आणि तारली आठवड्यातून दोनदा, तळून नव्हे, तव्यावर किंवा कालवणात.

आणि उपाशी राहू नका. हे मी ठळक अक्षरात लिहिते, कारण वजन उतरवायच्या नादात मुली दोन-दोन जेवणं सोडतात. पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर साठ्यातली चरबी सोडायला लागतं, तीच मेदाम्लं रक्तात, वर कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारी आम्लं. जी गोष्ट थांबवायची तीच आपण घडवतो. त्या वर्षी मी नवरात्राचे नऊ दिवस धरले नाहीत. साबुदाण्यानं साखर चढते आणि मधल्या उपासानं इन्सुलिनवर ती कोसळते. आत्तींना वाईट वाटलं. मग अष्टमीला आम्ही दोघी अंबाबाईची ओटी भरून आलो. त्या म्हणाल्या, “आई समजून घेती. तिच्याबी पोटाचाच प्रश्न हाय न्हवं ह्यो.”

जेवल्यावर पंधरा मिनिटं

चालणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवण झाल्यावर लगेच, पंधरा ते वीस मिनिटं. रात्री आम्ही रंकाळ्याच्या कडेनं जायचो, पावसाळ्यात घराच्या जिन्यावर. पहाटेचं लांबचं चालणं वेगळं, त्याचा फायदा वेगळा.

डॉक्टर बाईंनी तीन महिने सांगितले होते, मला पाच लागले. एचबीएवनसी ८.१ वर आली, मग ७ वर अडली, मग ६.३. ट्रायग्लिसराइड १४१. अडलेल्या महिन्यात मी रडले आहे, तेही वहीत लिहिलेलं आहे. साधन बंद केल्यावर चौथ्या महिन्यात पाळी चुकली.

आणि जिला हे तीन महिने मिळालेच नाहीत, तिच्यासाठी

किटवर दोन रेषा आल्या आहेत आणि साखर जास्त आहे, असं असेल तर घाबरून गोळ्या बंद करू नका आणि स्वतःहून गर्भ पाडायचा विचारही करू नका. मधुमेह असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मूल होतं, साखर उशिरा ताब्यात आलेल्या कितीतरी बायकांनाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका. फोनवर पहिलं वाक्य हे म्हणा : “मला मधुमेह आहे आणि पाळी चुकली आहे.” वेळ देणारी व्यक्ती ते ऐकल्यावर थांबते. फॉलिक त्याच दिवशी विचारून सुरू करा. आधीची एचबीएवनसी, गोळ्यांची पिशवी आणि वही सोबत न्या. वही नसेल तर त्या रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचा आणि पहिल्या पानावर तो आकडा तारखेसह लिहा, कितीही असो.